शेवटच्या बाकावरून काय दिसते?





मागच्या महिन्यात विश्वस्त मंडळाच्या सभेत नववीच्या वर्गासाठी मोठा डिजिटल पडदा घेण्याचा विषय निघाला. सध्या परदेशी असलेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने त्यासाठी देणगी देऊ केली आहे. त्यांचे आभार मानावेत तितके थोडेच. दोन कोटेशने आली. एक पासष्ट इंची फोर-के पॅनेलचे, दुसरे फुल एचडी प्रोजेक्टर आणि शंभर इंची पडद्याचे. किमतीत फार फरक नाही. सभेचा कल साहजिकच पहिल्याकडे झुकला. "घ्यायचेच तर फोर-के घ्या, मुलांना स्पष्ट दिसले पाहिजे," असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी म्हटले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण हाताशी आकडे नव्हते. आता आहेत, आणि माझे मत सभेच्या कलाच्या विरुद्ध आहे. ते सभेत एकदम मांडण्यापेक्षा या पानावर आधी मांडावे, म्हणजे पालकांनाही आणि ज्यांच्यासाठी हे सगळे चालले आहे त्या मुलांनाही कळेल, असे वाटले.

आधी थोडे किल्ल्यावर जाऊन येऊ. सहलीला मान मंदिरावर गेलेल्या प्रत्येक मुलाला ती पिवळी बदके आठवत असतील. राजा मानसिंह तोमराच्या महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांच्या पट्ट्यात एकामागे एक चाललेली बदके. भिंतीजवळ उभे राहिले की चोच दिसते, मान दिसते, केळीची झाडे दिसतात. चौकात वीस-पंचवीस पावले मागे सरका, बदके राहतात पण चोच हरवते. आणि खाली शहरातून वर पाहिले तर फार तर एक निळसर रेघ दिसते. कारागिराने बदक कितीही बारकाईने घडवलेले असो, खालून पाहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. त्याच किल्ल्याच्या वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात बागेच्या मापात २७० हा आकडा कोरलेला आहे आणि त्यातले शून्य पाहायला जगभरातून लोक येतात. ते शून्य इतके लहान आहे की अगदी जवळ जाऊन कोणी बोट दाखवल्याशिवाय सापडत नाही. याउलट उरवाईच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती पाहा. सगळ्यांत मोठी मूर्ती पन्नास फुटांहून उंच आहे आणि रस्त्यावरून जातानाही डोळ्यांत भरते. दुरून दिसायचे असेल तर मोठे करावे लागते, हे आपल्या गावच्या पाथरवटांना पाचशे वर्षांपूर्वी माहीत होते.

पडद्याचेही तसेच आहे. पडद्यावरचे चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख. फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, एकूण सुमारे ८३ लाख. चौपट ठिपके म्हणजे चौपट स्पष्ट, असे दुकानदार सांगतो. तो खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो. ते ठिपके किती दुरून पाहायचे आहेत, हे तो विचारत नाही.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. बी.एस्सी.ला प्रकाशशास्त्र हिंदीतूनच शिकले, त्यामुळे मराठीत विज्ञान लिहिताना मला दोनदा विचार करावा लागतो. चूक झाली तर आपल्या मराठीच्या बाई लाल शाईने दुरुस्त करतीलच. पण 'विभेदन क्षमता' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. शेजारी शेजारी असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची डोळ्याची शक्ती, म्हणजे विभेदन क्षमता. निरोगी डोळ्यासाठी तिचे जुने माप एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, असे धरतात. हर्मन स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये डोळे तपासण्याचा जो तक्ता केला, तो याच मापावर बेतलेला आहे. साध्या भाषेत सांगायचे तर एक मीटर अंतरावरून आपल्याला सुमारे ०.३ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा कळतो. दोन मीटरवरून ०.६, सात मीटरवरून सुमारे २ मिलिमीटर. त्याहून लहान जे काही असेल ते एकमेकांत मिसळून जाते.

आता हिशेब सोपा आहे, आठवीच्या मुलांनीही करून पाहावा. पासष्ट इंची पडदा सुमारे १४४ सेंटिमीटर रुंद असतो. त्यात फुल एचडीचे १९२० ठिपके बसवले तर एक ठिपका पाऊण मिलिमीटरचा होतो. तो वेगळा दिसायला डोळा साधारण अडीच मीटरच्या आत हवा. त्याच्या पलीकडे बसलेल्या मुलाला फुल एचडीचेच ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. मग त्यांचे आणखी चार चार तुकडे केले तरी त्याला काय कळणार?

मी शनिवारी शाळा सुटल्यावर टेप घेऊन नववीच्या वर्गात गेले. शिपाईमामांनी दुसरे टोक धरले. फळ्यापासून पहिला बाक दोन मीटरवर आहे. पुढे दर ओळीला साधारण एक मीटर वाढत जाते आणि सहावी, म्हणजे शेवटची ओळ सात मीटरवर येते. जुन्या मापाने पाहिले तर फोर-केचा लाभ फक्त पहिल्या ओळीला. बाकीच्या पाच ओळींना दोन्ही पडदे सारखेच.

इथे प्रामाणिकपणे एक दुरुस्ती सांगायला हवी, नाहीतर कोणी म्हणेल की प्राचार्यांनी सोयीचा आकडा घेतला. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की डोळ्याची शक्ती जुन्या मापाहून जास्त आहे. एका अंशात साठ ठिपके ही मर्यादा समजली जात होती, ती काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी सरासरी चौऱ्याण्णव निघाली. म्हणजे आपल्या वर्गातली अडीच मीटरची सीमा चार मीटरपर्यंत सरकते. तसे धरले तरी पहिल्या दोन ओळींना फरक जाणवेल, तिसरी काठावर राहील आणि मागच्या तीन ओळींना काहीच मिळणार नाही. त्याच संशोधकांनी घरच्या टीव्हीबद्दलही सांगितले आहे. अडीच मीटरवर सोफा आणि चव्वेचाळीस इंची टीव्ही असेल, तर फोर-के काय किंवा एट-के काय, त्याहून कमी ठिपक्यांच्या पडद्यापेक्षा वेगळे काही दिसणार नाही. दिवाळीत बाड्यावर टीव्ही बघायला जाणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावे. दुकानात आपण पडद्यापासून दोन फुटांवर उभे असतो, आणि फुलाच्या पाकळीवरचा दवबिंदू दाखवणारी फीत त्यासाठीच लावलेली असते. घरी तो टीव्ही समोरच्या भिंतीवर जातो आणि आपण मागे दिवाणावर जातो.

आमच्या पिढीला तर हे अनुभवानेच ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्याच गावात, कॅप्टन रूपसिंह स्टेडियममध्ये, सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतले ते पहिले द्विशतक. तिकीट न मिळालेले आम्ही सगळे घरी पिक्चर ट्यूबच्या टीव्हीसमोर बसलो होतो. त्या जुन्या प्रक्षेपणात उभ्या दिशेने ५७६ ओळी असत. एकवीस इंची डब्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसून पाहिले, आणि चित्र पुसट आहे अशी तक्रार कोणी केल्याचे मला आठवत नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये ॲपल कंपनीने आयफोन फोरचा पडदा दाखवला, त्यात एका इंचात ३२६ ठिपके होते. फोन हातभर अंतरावर धरला की डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत, म्हणून त्या पडद्याला डोळ्याच्या आतल्या पडद्याचे, रेटिनाचे, नाव दिले. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट होती. पडदा आणि डोळा यांच्यात अंतर किती, ते पाहिले की ठिपके किती हवेत ते कळते.

असो. आता शेवटच्या बाकाकडे जाऊ, कारण सभेत त्याचे नाव कोणी काढले नाही.

सात मीटरवरून अक्षर जेमतेम ओळखायला ते एक सेंटिमीटर उंच हवे. हे स्नेलेनच्या तक्त्याचे माप झाले, डॉक्टरांच्या खोलीत डोळे ताणून वाचण्याचे. पाऊण तासाच्या तासिकेत आरामात वाचायचे तर दुप्पट-तिप्पट, म्हणजे दोन ते तीन सेंटिमीटर हवे. आपल्या शिक्षिका खडूने फळ्यावर पाच-सहा सेंटिमीटरची अक्षरे लिहितात. त्यांना हे माप कोणी शिकवले नाही, मागच्या बाकावरून "बाई, दिसत नाही" ऐकून ऐकून ते हातात बसले आहे.

पासष्ट इंची पडद्याची उंची सुमारे ८१ सेंटिमीटर. त्यावर पाठ्यपुस्तकाचे तीस ओळींचे एक पान जसेच्या तसे लावले, तर एका ओळीच्या वाट्याला २७ मिलिमीटर येतात. त्यातली वरची वेलांटी, खालचा उकार आणि दोन ओळींमधली जागा वजा केली की मूळ अक्षर सुमारे एक सेंटिमीटरचे उरते. म्हणजे शेवटच्या ओळीसाठी अगदी काठावर. इंग्रजी अक्षराचे एक वेळ चालून जाईल. आपल्या लिपीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यात फरक केवढासा, आणि अनुस्वार म्हणजे तर एक टिंब. हिंदीत न येणारा आपला 'ऱ्ह' दुरून ओळखायचा तर अंदाजच करावा लागतो. हे पान फोर-के पडद्यावर असो की फुल एचडी, अक्षराची उंची तीच राहते. ठिपके वाढल्याने अक्षर मोठे होत नाही.

शंभर इंची पडद्यावर तेच अक्षर दीडपट होते. आणि पान अर्धेच दाखवले, म्हणजे पंधरा ओळी, तर कुठल्याही पडद्यावर दुप्पट होते. याला देणगी लागत नाही, शिक्षकाने दोन वेळा बटण दाबावे लागते.

प्रोजेक्टरची बाजू घेताना त्याचे दोष लपवणार नाही. नववीच्या वर्गाला पूर्वेच्या खिडक्या आहेत आणि सकाळच्या शाळेत उन्हाचा झोत थेट फळ्याच्या बाजूला येतो. जाड पडदे लावल्याशिवाय प्रोजेक्टरचे चित्र फिके पडेल. जाड पडदे ओढले की आमची काही मंडळी डुलक्या काढतील, हेही मला माहीत आहे. पहिल्या बाकावरच्या मुलांना चित्र थोडे भरड दिसेल, कारण शंभर इंची पडद्यावर एक ठिपका १.१५ मिलिमीटरच्या आसपास जातो. प्रोजेक्टरची देखभालही जास्त. हे सगळे धरूनही मी मोठ्या पडद्याच्या बाजूने आहे. विश्वस्तांना पॅनेलच हवे असेल तर निदान त्याहून मोठ्या मापाच्या पॅनेलचे कोटेशन मागवावे. मोठ्या पॅनेलमध्ये आजकाल फोर-के आपोआपच येते, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती फोर-के आहे म्हणून लहान पडद्यावर समाधान मानण्याला.

आता ज्या गोष्टीमुळे मी हा लेख खरा लिहायला घेतला ती सांगते.

टेपने मोजून झाल्यावर वाटले, आकडे पुस्तकातले आहेत, आपल्या मुलांचे डोळे काय म्हणतात ते पाहावे. मी एका पांढऱ्या कागदावर २ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा आणि मध्ये तेवढीच पांढरी जागा, असा नमुना छापून घेतला. कागद व्हरांड्याच्या टोकाला डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला आणि नववीच्या मुलांना एकेक करून मागे मागे सरकायला सांगितले. रेघा मिसळून कागद राखाडी दिसू लागला की थांबायचे. चष्मा असलेल्यांनी चष्म्यासह. दर मीटरवर खडूची खूण केली होती. पुस्तकाप्रमाणे सात मीटरच्या आसपास थांबायला हवे. बहुतेक मुले सात ते नऊच्या दरम्यान थांबली, काही पठ्ठे दहापर्यंत गेले. केंब्रिजवाल्यांचे म्हणणे आपल्या व्हरांड्यात खरे ठरले, याचा मुलांना भारीच आनंद झाला.

मग एक मुलगी तीन मीटरवरच थांबली.

मला वाटले सूचना समजली नाही. पुन्हा सांगितले, पुन्हा तीन मीटर. ती वर्गात पाचव्या ओळीत, म्हणजे सहा मीटरवर बसते. विचारले, "फळ्यावरचे कसे उतरवतेस गं?" म्हणाली, "शेजारणीच्या वहीतून." किती दिवसांपासून? तर सातवीपासून. दोन वर्षे तिच्या गणिताच्या वहीवर 'लक्ष देऊन लिहावे' असा शेरा मारला जात होता. त्यातले काही शेरे माझ्या हातचे आहेत. तिच्या आईला बोलावले तेव्हा त्या म्हणाल्या, "घरी टीव्हीला नाक लावून बसते, म्हणून आम्ही रागावतो." मुलगी आपल्या परीने अंतर कमी करत होती आणि आपण सगळे तिला मागे सरक म्हणत होतो.

त्या दिवशी अशी एकूण चार मुले निघाली, जी पाच मीटरच्या आतच थांबली. एकाकडे चष्मा होता पण दप्तरात ठेवलेला, कारण मित्र चिडवतात. चौघांच्याही पालकांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले आहे. त्या मुलीला चष्मा लागला. दुसऱ्या दिवशी तिने मला येऊन सांगितले की समोरच्या पिंपळाची पाने सुटी सुटी दिसतात.

माझा कागद म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे, हे पालकांनी लक्षात घ्यावे. प्रकाश कमी-जास्त झाला की फरक पडतो, आणि नऊ मीटरपर्यंत गेलेल्या मुलाचे सगळे ठीकच आहे असेही नाही. पण ही चार मुले काही योगायोगाने आपल्याच शाळेत जमलेली नाहीत. दिल्लीच्या शाळांतल्या मुलांचा एम्सच्या डॉक्टरांनी अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभरांत तेरा मुलांना लांबचे अंधुक दिसत होते. अशा मुलासमोर फोर-के काय आणि फुल एचडी काय, दोन्हींचे ठिपके त्याच्या डोळ्यातच पुसले जातात. कितीही लाख खर्च करा.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझे म्हणणे असे आहे. देणगीतून मोठा पडदा घ्यावा, ठिपक्यांची चौकशी दुय्यम ठेवावी. त्यातली थोडी रक्कम बाजूला काढून दरवर्षी जुलैमध्ये सर्व मुलांची नेत्रतपासणी करावी आणि ज्या घरी चष्मा घेणे जड जाते तिथे शाळेने द्यावा. देणगीदारांना मी हे पत्राने कळवीन. आपली देणगी चष्म्यात गेली हे ऐकून त्यांना वाईट वाटेल असे मला वाटत नाही. ते स्वतः शाळेत चष्मा लावत असत, जुन्या फोटोत दिसतात.

बाकांची अदलाबदल दर पंधरवड्याला होईल, ती मी या आठवड्यापासूनच सुरू केली आहे. काही पालक "आमच्या मुलाला पुढेच बसवा" अशी चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीसोबत डॉक्टरांचा कागद असेल तर जरूर बसवू. एरवी मागच्या बाकावरही कोणाचे तरी मूल बसतच असते.

आणि जास्त ठिपक्यांवर पैसा खर्चायचाच असेल, तर तो कॉम्प्युटर लॅबमध्ये खर्चावा. हे सुचवणारी मी एकटीच असेन, पण हिशेब तोच आहे. तिथे मूल पडद्यापासून साठ सेंटिमीटरवर बसते. इतक्या जवळून ०.१७ मिलिमीटरचा बारकावा कळतो, आणि आपल्या जुन्या साडेअठरा इंची मॉनिटरचा एक ठिपका ०.३ मिलिमीटरचा आहे. म्हणून तिथे मराठी टाइप करताना रफार आणि अनुस्वार यांचा एकच डाग होतो आणि मुले पडद्याकडे आणखी वाकतात. वर्गात सात मीटरवर वाया जाणारे ठिपके इथे रोज कामी येतील. त्या मॉनिटरांचे कोटेशन मात्र आजवर कोणी मागवलेले नाही.

पुढची सभा कार्यालयात न घेता नववीच्या वर्गात घ्यावी, अशी विनंती मी अध्यक्षांना केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. फळ्यावर दोन कागद चिकटवलेले असतील, एक १४४ बाय ८१ सेंटिमीटरचा आणि एक २२१ बाय १२५ चा. दोन्हींवर मराठीच्या पुस्तकातले एकच पान त्या त्या मापात छापलेले असेल. विश्वस्तांची बसण्याची व्यवस्था सहाव्या ओळीत केली आहे. पालकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे, पाचवी ओळ रिकामी आहे. रेघांचा कागद व्हरांड्यात तसाच ठेवला आहे. चष्मा असलेल्यांनी तो आणायला विसरू नये.

आपली,
प्राचार्या